इंजिनाचा काटा

बाळंतपणात अडलेल्या बायकोला लॉरीत घालून बलभीम परंड्याहून निजामाच्या हद्दीपार, बार्शीच्या दवाखान्याकडं निघाला होता. वाटेत इंजिनाचा काटा लालवर गेला, म्हणून इंजिन निवेपर्यंत त्यानं लॉरी बाभळीखाली उभी केली. बायको तिथंच गेली.

तेराव्यानंतर त्यानं लॉरी बंडप्पा मिस्त्रीकडं आणली. बंडप्पानं तपासलं. इंजिन ठणठणीत होतं. काट्याची वायर सोलली होती. धक्क्यानं ती पत्र्याला टेकली, की काटा लालवर जात होता. तो मुकाट्यानं वायरीला चिंधी गुंडाळू लागला.

"मिस्त्री, थांबलो नसतो तर?" बलभीमनं विचारलं.

"इंजिन जळालं असतं," बंडप्पा वर न बघता म्हणाला. "थांबलास ते बराबर केलंस."

बलभीम त्याच्या हातांकडं बघत राहिला.

"मग काटा कशाला दुरुस्त करताव?"