कोणीतरी असतंच

मास्तरांच्या कार्डापाशी प्रोग्राम कोसळला आणि त्यांच्या मागची दोनशे ओळखपत्रं प्रिंटरच्या तोंडाशी अडकून पडली.

त्यांना मास्तर म्हणत ते काही उगीच नव्हे. ऑफिसात सी भाषेत कोणी चार ओळी लिहिल्या की यांचा धडा सुरू. "पॉइंटर म्हणजे नुसता पत्ता. त्या पत्त्यावर कोणी राहतं का, ते आधी बघा, मग दार ढकला. पत्ता कोरा असला आणि तुम्ही तसेच घुसलात, तर प्रोग्राम जागच्या जागी मेला म्हणून समजा." ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते.

शेजारच्या टेबलावरच्या इंजिनिअरबाईंनी तासभर डोकं घातलं. मग म्हणाल्या, "मास्तर, ओळ सापडली," आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

ओळ मास्तरांचीच होती, बावीस वर्षांपूर्वीची. काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं, त्याचं नाव कार्डामागे छापणारी. तपासणीचा पत्ता नव्हता. उलट वर त्यांनीच टीप लिहून ठेवली होती: इथे तपासायला नको. कोणीतरी असतंच.

आजवर कोणाचं अडलंही नव्हतं. घरचं माणूस गेलं की लोक दुसरं नाव देत. मास्तरांनी सोमवारी बायकोचं नाव काढायला सांगितलं, तेव्हा कारकुनाने विचारलं होतं, "मग आता कोणाचं लिहू?" मास्तरांना एकही नाव सुचलं नाही, आणि रकाना कोराच राहिला.

आता त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि दोन ओळी घातल्या. पत्ता कोरा असेल तर जागा मोकळी सोड, पुढे जा. प्रिंटर खडखडला. त्यांचं कार्ड बाहेर आलं, मागची बाजू पांढरीफटक, आणि त्यामागून बाकीची भराभर येऊ लागली.

"आणि ही टीप?" बाईंनी हळूच विचारलं. "खोटी टीप ठेवायची नाही, तुम्हीच म्हणता. पुसू का?"

"राहू द्या," मास्तर म्हणाले. "लिहिली तेव्हा खरी होती."