बॉयलरची पाटी

“पाटी काढ,” साहेब म्हणाले. “हा बॉयलर जिथं जातोय, त्या देशाला माल विकायला बंदी आहे. माल दुसऱ्याच देशाच्या नावानं जातोय. आपलं नाव कुठंही दिसता कामा नये.”

भोसरीच्या आमच्या शेडमध्ये प्रत्येक बॉयलरवर पितळी पाटी मीच बसवायचो. त्या दिवशी मीच ती उपटली आणि ग्राइंडर फिरवून जागा गुळगुळीत केली. कंपनीच्या नावाखाली आकडा होता, दाब साडेदहा किलोच्या वर नेऊ नये. तोही पाटीबरोबर गेला. लक्षात आलं नाही असं म्हणणार नाही. वाटलं, कागदात लिहिलं असेल. पण कागदही खोटेच होते.

दोन महिन्यांनी तिकडच्या गिरणीतल्या बॉयलरवाल्याचा फोन आला. दलालाकडून नंबर मिळवला होता बिचाऱ्यानं. मोडक्या हिंदीत एकच विचारत होता, दाब कितीपर्यंत न्यायचा?

मी सांगणार, तेवढ्यात साहेबांनी फोन हिसकावून बंद केला. “आपण बॉयलर पाठवलेलाच नाही. मग आकडा कसला सांगतोस?”

त्याचा नंबर मी लिहून घेतला होता. नोकरी जाईल म्हणून लावला नाही.

चौथ्या दिवशी साहेबांच्या मोबाईलवर फोटो आला. उभा फाटलेला बॉयलर, उडालेलं छप्पर आणि भिंतीलगत पांढऱ्या चादरींची रांग. साहेबांनी बोटांनी फोटो मोठा केला. मला वाटलं, चादरी बघताहेत.

“नाव कुठंच दिसत नाही,” ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “झकास काम केलंस.”