पिल्लांच्या तोंडाएवढं

“आई, या सगळ्या पाणपिसवा गाळून काढायच्या,” लेक म्हणाली आणि आईचा हात हौदातच थबकला.

माशांची पिल्लं वाढवून विकणं हा आईचा धंदा. नवरा गेल्यावर तिनं तो एकटीनं उभा केला होता. हौदात वळवळणाऱ्या या तांबूस पिसवा म्हणजे पिल्लांचं खाणं. गेली दोन वर्षं तिनं त्या जिवापाड वाढवल्या होत्या. पाणी कसं भरलेलं दिसायचं! तरी गेले दोन हंगाम अंड्यांतून निघालेली पिल्लं तळाशी मरून पडत होती. यंदाही तसंच झालं तर गिऱ्हाइकं तुटणार आणि हौदांना कुलूप लागणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

“भरल्या ताटावरून पोरांना उठवू म्हणतेस?” आई कडाडली. “कॉलेजात हेच शिकवतात होय?”

लेक चिडली नाही. तिनं सूक्ष्मदर्शक हौदाच्या कट्ट्यावरच आणून ठेवला. “तूच बघ.”

आईनं चष्मा कपाळावर सारला आणि डोळा लावला. सकाळीच जन्मलेलं एक पिल्लू दिसलं. केवढंसं त्याचं तोंड! शेजारी पिसू होती, त्या तोंडापुढं म्हशीएवढी. आणि एका कोपऱ्यात गरगरणारे, ठिपक्यांसारखे दोनचार जीव.

“पिल्लांना गिळता येतात ते हे बारके,” लेक म्हणाली. “यांचं आणि पिसवांचं, दोघांचंही पोट पाण्यातल्या शेवाळावर. पिसवा आडदांड. त्याच सगळं फस्त करतात. बारके उपाशी मरतात आणि मग आपली पिल्लंही.”

आई डोळा काढेना. दोन वर्षं जिवापाड जपलं ते कोणाला! शेवटी ती उठली, बाह्या वर सारल्या, घरातून धुऊन विरविरीत झालेली चादर आणली आणि टर्रकन फाडली.

“धर ते टोक.”

मायलेकी दिवसभर पाणी गाळत राहिल्या; बारके कापडातून निसटत, पिसवा अडकत. निघालेल्या पिसवा आईनं वेगळ्या पिंपात सोडल्या. पिल्लं मोठी झाली की त्याच लागणार होत्या. पण हौद आता ओकाबोका दिसत होता.

हळूहळू पाण्यावर हिरवी झाक चढली. उरलेली अंडी फुटली. यावेळी पिल्लं तळाशी गेली नाहीत. टम्म पोटांनी ती काठाकाठानं सुळसुळत राहिली.

हंगामाचा पहिला व्यापारी हौदात डोकावला आणि बघतच राहिला. आई गुडघाभर पाण्यात उभी होती.

“मालकीणबाई, यंदा काय जादू केलीत?”

आईनं घाम पुसला, मान ताठ केली आणि घराकडं बोट दाखवलं.

“मालकीणबाई आत आहेत,” ती म्हणाली. “मी त्यांच्या हाताखाली काम करते.”