पटावरचं बारा

चारही कवड्या उपड्या पडल्या, तसे वेंकोबाराव मोठ्यांदा म्हणाले, "बारा!" दान सुनेचं होतं, पण आनंद त्यांनाच जास्त झाला.

केतकीने आपली सोंगटी, कॉफीची बी, उचलली आणि एकेका घरावर टेकवत बारा घरं मोजली. बाराव्या घरात सासऱ्यांचा चिंचोका होता. तिने तो उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. "मारला, बाबा!"

वेंकोबाराव बघतच राहिले. म्हैसूरकडे या खेळाला चौकाबारा म्हणतात, आणि त्यातलं बारा म्हणजे आठ. हिनकलच्या या घरात भाजीवाल्याशी बोलताना बारा म्हणजे बाराच, आणि पटावर बारा म्हणजे आठ. आजोबा-पणजोबांपासून कुणाची गल्लत झाली नव्हती. पण सून पडली पुण्याची. तिला चौका, म्हणजे चारही उताण्या पडल्या की चार, सांगितला, फुलीच्या घरात सोंगटी मारता येत नाही हे सांगितलं, एक तरी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही हेही सांगितलं. बारा म्हणजे आठ, हे सांगायला लागेल असं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आता सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

पाडव्याला घरात पट मांडायचाच, हा त्यांचा नेम. बायको, तुळसीबाई, होती तोवर समोर ती बसे. ती गेल्यावर शेजारच्या विजयनगरहून त्यांचे जुने मित्र जगन्नाथराव येत. मागच्या पाडव्याला एक कवडी चटईच्या काठाला टेकून कलती पडली. जगन्नाथराव म्हणाले, उताणी धरा. वेंकोबाराव म्हणाले, धरायची नाही, परत टाका, नियम म्हणजे नियम. शब्दाने शब्द वाढला, आणि जगन्नाथराव चपला घालून गेले ते गेलेच. आता ते घरी बसून फोनवर पोकर खेळतात म्हणे. फोन भांडत नाही, असं येईल त्याला सांगतात. वेंकोबारावांना ते फार लागलं होतं.

केतकी "एकच डाव हं, बाबा," म्हणून बसली होती. तिच्या मांडीशीही फोन होता आणि तो मधून मधून थरथरत होता. पुण्याच्या मैत्रिणी पोकर मांडून तिची वाट बघत होत्या.

"ते तुमचं पोकर," वेंकोबाराव म्हणाले, "किती दिवस चालणार? दोन वर्षं? मग दुसरं काही येईल, अल्वा? हो की नाही?"

"येईल की." केतकीने कवड्या त्यांच्यापुढे सरकवल्या. "पण पोकरला हाक मारली की दहाजण येतात, बाबा. तुमच्या खेळाला मी एकटी. तीसुद्धा सणापुरती."

पोरगी खरं तेच बोलत होती.

वेंकोबारावांनी कवड्या ओंजळीत खुळखुळवल्या आणि टाकल्या. चारही उपड्या.

या खेपेला ते ओरडले नाहीत. चिंचोका उचलून हळूहळू मोजू लागले. पाच, सहा, सात, आठ. आठव्या घरात केतकीची दुसरी बी. फुली नाही, काही नाही, उघड्यावर बसलेली. त्यांनी अजून एकही सोंगटी मारली नव्हती. ही मारली की आतली वाट मोकळी. हात तिथे थांबला. उभ्या जन्मात त्यांनी पटावर एक घर इकडचं तिकडे केलं नव्हतं. त्यापायी जन्माचा मित्र घालवला होता.

"नऊ," ते म्हणाले. "दहा. अकरा. बारा." आणि चिंचोका एका रिकाम्या घरात नेऊन ठेवला.

केतकी पटाकडे बघत नव्हती, त्यांच्या तोंडाकडे बघत होती. पोकर खेळणारी ती. कुणाच्या हातात काय पानं आहेत, हे तोंडावरून ओळखायची तिला सवय.

"बाबा, आठावर का थांबलात?"

"सुम्ने गं. उगीच. वय झालं, अम्मा."

"बारा म्हणजे आठ का?"

अय्यो! आता खोटं तरी कसं बोलायचं? वेंकोबाराव पटावरची नसलेली धूळ झटकत म्हणाले, "आमच्यात आठ. पण मी नियम सांगायला लागलो की माणसं उठून जातात. तू उठशील, असं भ्या वाटलं मला."

केतकीने फोन उचलला. झालं, चालली ही, असं वेंकोबारावांच्या मनात आलं. तिने तो बंद केला आणि चटईवर उपडा घातला. मग त्यांचा चिंचोका चार घरं मागे आणला, तिथली आपली बी स्वतःच उचलून पटाबाहेर ठेवली, बारा घरं नेलेली पहिली बीही चार घरं मागे घेतली, आणि मघाशी मारलेला त्यांचा चिंचोका परत जागेवर बसवला.

"आता सगळे नियम सांगा. एकही गाळायचा नाही," ती म्हणाली. "कवडी उताणी पडली तर मोजायची. उपडी पडली तर नाही. आणि कलती पडली तर?"

वेंकोबारावांनी एक कवडी उचलून चटईच्या काठाला कलती टेकवली.

"ते जगन्नाथरावांना विचारायला पाहिजे," ते म्हणाले. "तुझ्या फोनवरून लाव. माझा ते उचलत नाहीत."