बांध बघायला पाहुणे

प्रणयचा फोन आला तेव्हा हितेश पोर्टाच्या गेटबाहेर ट्रेलर लायनीत लावून बसला होता.

मुंबईत मोठी विज्ञान परिषद भरणार होती. सगळ्या विषयांचे लोक एका छपराखाली. प्रणयनं तिथं एक सेशन मांडलं होतं. खाडीचं पाणी अडवणारे खारबांध, त्यामागची शेती, त्यावर जगणारी माणसं. इंजिनियर, डॉक्टर, इतिहासवाले, सगळे एकत्र बोलणार. मंजुरीआधी कमिटीच्या मॅडम गावचा बांध बघायला येणार होत्या. तारीख मात्र प्रणयनं ठरवायची नाही, गावातल्या माणसानं ठरवायची. तसा त्यांचा नियम.

"तूच ठरव," प्रणय म्हणाला.

"बाबांना विचार ना. बांधाचं सगळं तेच बघतात."

"नको. तू."

हितेशला बरं वाटलं, आणि लगेच रागही आला. शेजारचा हा प्रणय लहानपणापासून त्यांच्याच घरात जेवायचा. हितेशचा बाप दयाराम त्याला खांद्यावर बसवून बांधावर न्यायचा. हितेश मागून चालत यायचा. प्रणय पुण्याच्या संस्थेत लागल्यापासून तर म्हाताऱ्याच्या तोंडात दुसरं नाव नव्हतं. हितेशनं नवा ट्रेलर घेतला तेव्हा तो म्हणाला होता, "बरा हाय. प्रणयला फोटो पाठव."

भांगाच्या दिवसांत भरतीचं पाणी लांबच राहतं. बांध सुका, देखणा दिसतो. पाहुणे आणायचे ते तेव्हाच. उधाणाला पाणी बांधावरून आत येतं, आणि ती गावाची लाज. परक्याला कोणी दाखवत नाही.

हितेशनं अमावास्या दिली. भर उधाण.

प्रणय "चालेल" एवढंच म्हणाला. हितेशला हसू आलं. पुण्यात राहून गडी तिथी विसरला.

दयारामनं कॅलेंडर बघितलं. "अरं, आवस हाय त्या दिवशी."

मॅडमना दुसरा दिवसच नाही, असं हितेशनं ठोकून दिलं.

त्या दिवशी सकाळपासून म्हातारा एकटाच बांधावर चिखल थापत होता. प्रणयची मान खाली जाऊ नये म्हणून.

दुपारी मॅडम आल्या. पाणीही आलं. आधी फटीतून, मग सरळ वरून. दयाराम मान खाली घालून बाजूला उभा राहिला. हितेश फक्त प्रणयचा चेहरा बघत होता. त्यासाठीच तर त्यानं ट्रेलरची फेरी सोडली होती.

प्रणयचा चेहरा हलला नाही.

मॅडमनी बूट हातात घेतले आणि पाण्यात उतरल्या. बराच वेळ शूटिंग केलं. पूर्वीही असंच यायचं का, त्यांनी दयारामला विचारलं. तो कसाबसा म्हणाला, न्हाय, दरसाल वाढतंय. मॅडम प्रणयकडे वळल्या. प्रपोजलमध्ये वाचलं तेव्हा हे खरं वाटलं नव्हतं, म्हणाल्या. सेशन मंजूर. मोठा हॉल देणार.

गाडी गेली. दयाराम चिखलाच्या हातानंच प्रणयच्या पाठीवर थोपटत राहिला, मग त्याच्यासाठी भात टाकायला घराकडे पळाला.

हितेशनं प्रणयला गाठलं. "उधाण हाय, तुला माहीत होतं?"

"पुण्यात पण अमावास्या असते, हितेश."

"मग मला कशाला विचारलंस? बाबा होते ना."

प्रणय वाकून पँटीवरचा चिखल झटकत होता.

"काकांनी भांगाचा दिवस दिला असता," तो म्हणाला. "त्यांचा जीव हाय माझ्यावर."