न बोलणारा पट्टा

"दोन बोटं आत गेली पाहिजेत, तिसरं जाता कामा नये," दुकानातली मुलगी म्हणाली.

सातपुत्यांनी बंड्याच्या नव्या पट्ट्याखाली बोटं घालून पाहिली. बायको, वर्षा, गेल्यापासून बंड्या जुन्या पट्ट्यातून मान सोडवून पळायचा आणि हॉस्पिटलच्या फाटकाशी, भर रहदारीत जाऊन बसायचा.

"न बोलणारा नाही का?"

"आता सगळे बोलतेच येतात, काका. कुत्र्याच्या मनातलंच बोलतात." तिने बक्कल लावलं. हिरवा दिवा लागला.

"वर्षा पडली," पट्टा म्हणाला. "दुपारी. मी भुंकलो. खूप भुंकलो. तू आतून म्हणालास, गप्प बस. मी गप्प बसलो."

मुलीचे हात जागच्या जागी थांबले. बंड्या शेपटी हलवत होता.

"आवाज बंद करता येतो?" सातपुत्यांनी सपाट आवाजात विचारलं. गेले दोन महिने ते सगळंच असं विचारत.

"पट्टा काढला तरच."

बाहेरून एक ट्रक धडधडत गेला. "गप्प" त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. त्यांनी पट्ट्याखाली पुन्हा दोन बोटं घातली.

"राहू दे," ते म्हणाले. "नीट बसलाय."