ओली खळ

बनाबाईनं डोक्यावरची भाजीची पाटी खोलीच्या उंबऱ्यात उतरवली, वरच्या मेथीच्या जुड्या बाजूला केल्या आणि खालून पुस्तकं काढायला लागली. एक-दोन नव्हे, सगळीच. प्रत्येकाला खाकी कागदाचं नवं कोरं कव्हर.

"घ्या वैनी, भरा कपाट," ती म्हणाली. "पुण्याचं सायब येनार अन् वाचनालयाचं कपाट मोकळं? लई वाईट दिसतं."

खांद्यावरच्या तान्ह्या कुंदाला थोपटणारा, वाचनालय चालवणाऱ्या सौदामिनीचा हात थांबला.

ते मोकळं कपाट तिनं सकाळीच पुसून, दारं उघडी टाकून ठेवलं होतं. आलेल्या माणसाला तेच तर दाखवायचं होतं. ह्या खोलीत कुणी येऊन बसत नाही, भोरातल्या सुनांना भरदुपारी वाचनालयात कोण सोडतं. पण एकही पुस्तक जागेवर नाही, सगळी बनाबाईच्या मेथीखालून परसदारानं घरोघर गेलेली आहेत, हे त्या रिकाम्या फळ्यांनी सांगायचं होतं. मदतीसाठी तिनं संस्थानच्या दरबारात अर्ज दिला होता, म्युनिसिपालिटीत दिला होता, मुंबईच्या शेठजींना लिहिलं होतं. ज्यांनी आधी ही पुस्तकं दिली, त्या पुण्याच्या निधीकडूनच तेवढं उत्तर आलं. माणूस पाठवतो, तो पाहील, मग ठरवू. मदत मिळाली नाही तर पाडव्याला ही खोली सोडावी लागणार होती.

बनाबाई मात्र रंगात आली होती. कुणी तांदळाच्या डब्यातून पुस्तक काढून दिलं, कुणी देव्हाऱ्यामागून. एक भोंगवलीला माहेरी गेलं होतं, ते गाडीवानाकडून मागवून घेतलं. कागद तिनं स्वतः दुकानातून आणून वाटला आणि कव्हरं चिकटवायला काल घरोघर खळ शिजली. एकीच्या सासूनं तर पातेलं बघून विचारलं म्हणे, आज पेज कुणासाठी, कोण आजारी आहे.

सौदामिनी काही बोलायच्या आत दारात गंगाधरपंत उभे राहिले. निधीचे पाहणीस आलेले गृहस्थ हेच. पुण्याहून येणारी सर्व्हिस मोटार वाटेत बराच वेळ बंद पडली होती. टोपीपासून वहाणांपर्यंत धूळ. बनाबाईनं घाईघाईनं पुस्तकं फळ्यांवर दाटीनं लावून टाकली आणि पाटी घेऊन उंबऱ्याबाहेर बसली.

पंतांनी पाणी घेतलं. झटकून अंथरलेली सतरंजी पाहिली, कोपऱ्यातला पाळणा पाहिला.

"वाचक कुठं आहेत, बाई?"

"घरी वाचतात."

"कुणाच्या घरी?"

ते ती सांगू शकत नव्हती. कुणाचं नाव बाहेर जाणार नाही, असा बनाबाईनं तिच्या वतीनं प्रत्येक परसदारी शब्द दिलेला होता. पंतांनी कपाटाकडं वळून एक पुस्तक ओढलं. त्याच्याबरोबर शेजारची दोन बाहेर आली. खळ अजून ओली होती. त्यांनी ती सोडवायचा प्रयत्न केला तर कागद चर्रकन फाटला.

"ही तर एकमेकांना चिकटून बसलीत," ते म्हणाले. रागानं नव्हे, जरा वाईट वाटून.

आज सकाळपर्यंत हे कपाट रिकामं होतं. एवढंच वाक्य. सौदामिनीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं दाराकडं पाहिलं. बनाबाई पाटी मांडीवर घेऊन, मांडलेल्या गौरीकडं पाहावं तशी त्या भरल्या कपाटाकडं पाहत होती.

सौदामिनीनं कुंदाला ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

पंत समजुतीनं बोलले. निधी लहान, मागणारे पुष्कळ. जिथं वाचणारे आहेत तिथंच द्यावा लागतो. खोली सोडाल तेव्हा कळवा, माणूस पाठवून पुस्तकं नेऊ, पडून राहण्यापेक्षा दुसऱ्या गावाला उपयोग होईल. जाता जाता दारात थांबून म्हणाले, "राखलीत मात्र छान हो."

मोटारीचा भोंगा वाजून गेल्यावर बनाबाई आत आली.

"काय म्हनालं सायब?"

"छान राखलीत म्हणाले."

"म्या ऐकलं की." तिनं पदरानं तोंड पुसलं, हसली, आणि पाटी पुढं ओढली. मग फळ्यांपुढं तशीच उभी राहिली. तिला अक्षर येत नव्हतं. आजवर ती डागांवरून, फाटक्या कोपऱ्यांवरून पुस्तकं ओळखायची. आता सगळी एकसारखी खाकी. "आता गं? कुनाचं कोंचं?"

सौदामिनीनं कुंदाला पाळण्यात टाकलं आणि एकेक पुस्तक सोडवून आत उघडायला लागली. पानावर हळदीचं बोट; हे सगुणाबाईंचं. ठिणगीनं जळलेलं भोक, हे कुंभारआळीतलं. दुमडलेल्या पानात लोकरीचा धागा, हे फुलाबाईंचं. ह्यातल्या कितीतरी जणींचे चेहरे तिनं कधी पाहिले नव्हते.

पाटी भरली. बनाबाईनं वर मेथी पसरली.

"ह्या बाजारी कामं हाईत. फुडल्या बाजारी आनते समदी माघारी."

"नका आणू."

"आँ?"

"परत आणायचीच नाहीत आता. जिच्याकडं जे आहे, ते तिलाच राहू दे. निधीचा माणूस न्यायला आला तर मी म्हणेन, गहाळ झाली."

बनाबाई पाटी उचलता उचलता थांबली. रिकाम्या कपाटाकडं बघत राहिली, मग सौदामिनीकडं.

"मंग म्या हितं कशापायी येऊ, वैनी?"

पाळण्यात कुंदा कुरकुरली. सौदामिनीनं पाटीतली वरची एक जुडी काढून हातात घेतली, तिची मुळं झटकली.

"मेथी घेऊन या," ती म्हणाली.